घरकामगारांच्या अर्जातली मालकाची सही काढा : कामगारमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पुढची साथ येण्याआधी घरकामगारांची नोंदणी सोपी आणि कायमची करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याला, जनता वसाहतीत वाढले. आईने, आत्याने, शेजारच्या बहुतेक बायकांनी आयुष्यभर धुणं-भांडी आणि केर-फरशीची कामं केली. आई अजूनही एक काम धरून आहे. मी शिकले, नोकरीला लागले आणि रविवारी वस्तीतल्या बायकांचे अर्ज भरून देऊ लागले. रेशन कार्डात सुनेचं नाव घालायचं, आधारवरचा पत्ता बदलायचा, असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड काढायचं, राज्य सरकारच्या घरकामगार मंडळाची नोंदणी करायची. हे पत्र त्या शेवटच्या अर्जाबद्दल आहे.

त्या अर्जाला वयाचा दाखला, राहण्याचा पुरावा आणि फोटो लागतात. हे बायकांकडे असतं. शिवाय एक प्रमाणपत्र लागतं. ही बाई माझ्याकडे घरकाम करते, असं ज्यांच्या घरी ती काम करते त्यांनी सही करून द्यायचं असतं. अर्ज अडतो तो इथेच. महासाथीत घरकाम करणाऱ्या बायका सरकारी मदतीच्या बाहेर राहिल्या त्याला कारणं पुष्कळ होती, पण हे एक कारण पूर्णपणे तुमच्या खात्याच्या हातातलं आहे आणि ते अजून जागच्या जागी आहे.

मागचं थोडं सांगावं लागेल, कारण करोनाबद्दल आता कुणी बोलत नाही. बोललं तरी ऑक्सिजन आणि बेड एवढंच आठवतं.

महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले, ९ मार्च २०२० रोजी. दुबईहून परतलेलं एक जोडपं होतं. दुसऱ्याच दिवशी, ज्या टॅक्सीने ते मुंबईहून पुण्याला आले होते तिचा चालकही बाधित निघाला. या शहरात साथ पहिल्या दिवसापासूनच कामाच्या वाटेने कष्टकऱ्यांपर्यंत पोचली होती. पुढे सोसायट्यांच्या गेटवर मात्र सगळी भीती उलट्या दिशेची होती. वस्तीतून येणारी बाई आजार घेऊन वर येईल, असं सगळ्यांनी धरून चाललं.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ पासून देशभर लॉकडाऊन लागलं. घरकामाचा पगार महिना भरल्यावर पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळतो, तोही बहुतेक ठिकाणी रोख, हातात. मार्चचे तीन आठवडे काम झालेलं होतं, पण एप्रिलच्या एक-दोन तारखेला पगार आणायला जायचं तर रस्त्यावर पोलीस आणि गेटला कुलूप. ज्या घरांतल्या बायकांना आमच्या बायकांची काळजी होती त्यांनी मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या मोबाइलवर पैसे पाठवले. बाकीच्या ठिकाणी केलेल्या कामाचेच पैसे मिळेपर्यंत जून उजाडला.

२९ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला की लॉकडाऊनच्या काळात काम बंद असलं तरी मालकांनी कामगारांचा पगार न कापता वेळेवर द्यावा. तो आदेश मी तेव्हाच नीट वाचला होता. त्यात उद्योगांचा उल्लेख आहे, दुकानांचा आणि व्यापारी आस्थापनांचा आहे. लोकांच्या घरात काम करणाऱ्यांचा नाही. १७ मेला तोही आदेश मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, दोन्ही बाजूंनी बोलून तोडगा काढा, असं सांगितलं. कारखान्यातल्या कामगारासाठी निदान कुठेतरी वाद झाला, वकील उभे राहिले. आमच्या बायकांच्या पगाराचा विषय त्या कागदांमध्ये कुठेच आला नाही. बोलून तोडगा काढायचा तर इंटरकॉमवरून, वॉचमनच्या हातातल्या रिसिव्हरमधून.

पुणेकरांनी अगदीच हात वर केले असं मी म्हणणार नाही, तो अन्याय होईल. कित्येकांनी एप्रिलचा पूर्ण पगार दिला, किराणा भरून दिला. मेमध्ये अर्धा दिला. जूनपासून बहुतेकांचं देणं थांबलं, कारण त्यांच्याही नोकऱ्यांत कपात सुरू झाली होती. चांगुलपणाला मुदत असते आणि ती मुदत लॉकडाऊनपेक्षा लहान निघाली. म्हणूनच पगार कुणाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही असं मी म्हणते.

शेजारच्या एका मावशींकडे तेव्हा पाच घरांची कामं होती. त्यांना लिहिता येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांचा हिशेब असतो आणि प्रत्येक घराची खूण वेगळी. बंगल्याला चौकोन, चौथ्या मजल्यावरच्या घराला चार रेघा, आजींच्या घराला टिकली. खाडा झाला की त्या खुणेखाली फुली, पगार मिळाला की खुणेभोवती गोल. २०२० च्या एप्रिलच्या पानावर पाचपैकी तीन खुणांभोवती गोल होते. मेच्या पानावर दोन होते आणि त्यातला एक अर्धा काढलेला होता, कारण पगार अर्धा मिळाला होता. जूनच्या पानावर टिकली एकटीच उरली. आजी एकट्या राहायच्या, त्यांना मावशींशिवाय कुणी नव्हतं. सोसायटीने मावशींना आत सोडलं नाही तेव्हा ऐंशीच्या घरातल्या त्या आजी स्वतः खाली आल्या आणि गेटवर पगार देऊन गेल्या.

बाकीची चार कामं कशी गेली ते पाहिलं तर पुण्यात काय झालं ते कळतं. दोन घरं आयटीतल्या मुलांची होती. त्यांना घरून काम करायला सांगितलं, ती भाड्याचा फ्लॅट सोडून गावी निघून गेली. खराडीपासून बाणेर-वाकडपर्यंत असे फ्लॅट रिकामे झाले आणि त्या प्रत्येक फ्लॅटमागे एक भांड्यांचं, एक फरशीचं, एक पोळ्यांचं काम गेलं. एका घराने भांडी धुण्याचं मशीन घेतलं. चौथ्या घराने सांगितलं की आमच्याकडे यायचं तर दुसरीकडे कुठेही जायचं नाही. एका घराच्या पगारात पाच घरांचा खर्च कसा भागवायचा, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

पेठांमध्ये वेगळीच तऱ्हा. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या मेस चालतात. तिथे पोळ्या लाटणाऱ्या बायकांना पोळीमागे नाहीतर महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर पैसे मिळतात. मुलं मार्चमध्येच गावी गेली आणि मेस बंद झाल्या त्या पुढे कित्येक महिने सुरू झाल्या नाहीत. या बायकांना तर आपण घरकामगार की हॉटेलकामगार हेही कुठल्या कागदावर ठरलेलं नव्हतं.

मग हळूहळू गेट उघडली. कामावर घेताना चाचणीचा अहवाल मागितला गेला, स्वतःच्या खर्चाने. लिफ्ट वापरायची नाही. सहाव्या मजल्यावर चालत जायचं, खाली यायचं, दुसऱ्या इमारतीत पुन्हा चढायचं. सोसायटीचं वॉचमनसाठी असलेलं संडास बायकांना बंद. सकाळी आठला घर सोडलेली बाई दुपारी दोनपर्यंत पाणी पीत नव्हती, कारण प्यायलं तर जायचं कुठे? पीएमपी, म्हणजे शहराची बस, सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सामान्यांसाठी बंदच होती. दांडेकर पुलापासून कर्वेनगर, वारज्यापर्यंत बायका चालत जात होत्या. मध्येच १४ ते २३ जुलै पुन्हा कडक लॉकडाऊन आलं आणि नुकतीच धरलेली कामं पुन्हा सुटली. २०२१ च्या मेमध्ये १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं तेव्हा कित्येक सोसायट्या लस घेतल्याचा दाखला मागू लागल्या, आणि त्या वयाच्या मुलींना लस मिळायची तर आधी कोविनवर नोंदणी करून वेळ घ्यावी लागे. त्या वेळा दोन-तीन मिनिटांत संपायच्या. स्मार्टफोन घरात एकच, आणि तो मुलाच्या ऑनलाइन शाळेला.

आता सरकारी मदतीकडे येते.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० मध्ये, राज्य सरकारने नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या खात्यात २००० रुपये टाकले. चांगलं केलं. ते का जमलं? बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा आहे, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर मंडळाकडे जमा होतो, आणि मंडळाकडे नावं व बँक खाती असतात. पैसा होता आणि यादी होती, म्हणून काही दिवसांत मदत निघाली. घरकामगारांसाठी त्या वर्षी अशी रक्कम निघाली नाही. जनधन खातं असेल त्या बाईला केंद्राकडून तीन महिने ५०० रुपये आले. केशरी कार्डवाल्यांना मे-जूनमध्ये माणशी तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ विकत मिळाले, गहू ८ रुपयांनी आणि तांदूळ १२ रुपयांनी. बचत गटाच्या आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट अखेरपर्यंत सवलत दिली होती, पण वसुलीवाली पोरं दारात येऊन बसायची ती बसायचीच. व्याज चढत होतं ते वेगळंच.

१३ एप्रिल २०२१ ला, दुसऱ्या लाटेचे निर्बंध लागू होण्याच्या आदल्या संध्याकाळी, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी टीव्हीवरून मदत जाहीर केली. बांधकाम कामगारांना १५०० रुपये, परवानाधारक रिक्षाचालकांना १५००, नोंदणीकृत फेरीवाल्यांना १५००, आणि नोंदणीकृत घरकामगारांना १५००. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्याकडे बायकांची रीघ लागली. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत सगळे कागद. मला त्यांना सांगावं लागलं की घोषणेतला ‘नोंदणीकृत’ हा शब्द तुम्ही ऐकला नाही. मदत होती ती ज्यांची नोंदणी आधीच झालेली होती आणि चालू होती त्यांना.

आणि नोंदणी कुणाची चालू होती? महाराष्ट्र घरकामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ चा. देशात असे कायदे करणाऱ्या पहिल्या काही राज्यांत आपण होतो, याचा मला आजही अभिमान वाटतो. पुढे मंडळ आलं, नोंदणी सुरू झाली, बाळंतपणाला, अंत्यविधीला, पंचावन्न पूर्ण केलेल्या बायकांना सन्मानधन म्हणून १०,००० रुपये अशा योजना आल्या. पण नोंदणी दर वर्षी जिवंत ठेवावी लागते आणि मंडळ मध्येच मंदावलं. मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी एकत्र बसून निर्णय घेतील असं जे कायद्यात लिहिलं होतं ते २०२० येईपर्यंत नावापुरतं उरलं होतं. वर्षाला एक फेरी, त्यासाठी एक खाडा, खाड्याचे पैसे कापले जाणार, आणि त्या बदल्यात मिळणार काय ते दिसत नाही. बायकांनी नूतनीकरण सोडून दिलं यात मला त्यांचा दोष दिसत नाही.

नव्याने नोंदणी करायची तर तीच सही.

एका मुलीचा अर्ज मी भरला होता, करोनाच्या आधी. जिथे ती सकाळी पोळ्या आणि भाजी करायची त्या मॅडम चांगल्या होत्या, तिच्या मुलाची शाळेची फी त्यांनी एकदा भरली होती. त्यांनी अर्ज घेतला, दोन दिवस ठेवला आणि परत दिला. म्हणाल्या, “आमचे हे म्हणतात, सरकारी कागदावर सही नको. उद्या काही लचांड मागे लागायचं.” मुलीने पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारलं तर काम जाईल, हे तिला सांगावं लागत नाही. अशी सही केली म्हणून कुठल्या मालकाला एक रुपया भरावा लागल्याचं मी पाहिलेलं नाही. तरी भीती खरी आहे आणि ती घालवत बसण्यात आणखी दहा वर्षं जातील. महासाथीत तर ती भीतीही राहिली नाही, कारण सही करणारेच राहिले नाहीत. ज्यांची सगळी कामं गेली त्या बायकांनी सही आणायची कुणाची? काम गेलं म्हणून मदत हवी, आणि मदतीसाठी काम असल्याचा दाखला हवा, असा हा अर्ज आहे. मावशींच्या कॅलेंडरवर प्रत्येक घराचा प्रत्येक महिना आहे. तो पुरावा मात्र कुठल्याच खिडकीवर चालत नाही.

महोदय, ही सही गरजेची नाही हे तुमच्याच सरकारने दाखवून दिलेलं आहे. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर लाडकी बहीण योजनेसाठी दोन कोटींहून अधिक बायकांची नोंदणी काही महिन्यांत झाली. आमच्या वस्तीत अंगणवाडी सेविका घरोघर आल्या. आधार, रेशन कार्ड, बँक खातं आणि बाईचं स्वतःचं हमीपत्र, एवढ्यावर काम झालं. नवऱ्याची सही लागली नाही, मालकाची लागली नाही. ई-श्रमचं तेच. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ते पोर्टल सुरू केलं, त्यात घरकाम हा व्यवसाय निवडता येतो आणि बाई स्वतः सांगते तेच ग्राह्य धरतात. मग घरकामगार मंडळाच्याच दारात तिच्या शब्दाला किंमत का नाही? खोटी नावं येतील अशी शंका कुणी काढेल. थोडी येतीलही. वस्तीत पंधरा मिनिटं चौकशी केली तर कोण कुठे काम करतं ते कळतं, इथे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. थोड्या खोट्या नावांच्या धाकाने खऱ्या बायका बाहेर ठेवणं मला पटत नाही.

लाडकी बहीणचे महिन्याचे १५०० उपयोगी पडतात. आमच्याकडे त्यातून गॅस येतो, औषधं येतात. पण ते तिला बाई म्हणून मिळतात. कामगार म्हणून तिचं नाव सरकारकडे त्याने लागत नाही. उद्या पुन्हा गेट बंद झाली तर ती कुणाकडे काम करत होती, तिचा पगार किती होता, तो बुडाला की नाही, यातलं काहीच त्या यादीतून समजणार नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मंत्रालयात पहिला विचारला जाईल. उत्तर याच राज्यात आहे. १९६९ चा माथाडी, म्हणजे हमालांचा, कायदा महाराष्ट्राचा. हमाल एका मालकाचा नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. म्हणून मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, मंडळात भरायची आणि मंडळाने हमालाला मजुरी, फंड, बोनस, सुटीचा पगार द्यायचा, अशी व्यवस्था कायद्याने केली. पुण्याच्या मार्केट यार्डातले हमाल त्यावर सन्मानाने निवृत्त झालेले मी पाहिले आहेत. सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा कायदा त्याच धर्तीचा. पाच घरी काम करणारी बाई आणि पाच गाळ्यांवर काम करणारा हमाल यांत, मालक अनेक असणं ही गोष्ट सारखीच आहे. सगळा पगार मंडळामार्फत द्या असं मी आज म्हणत नाही, ते एकदम जमणार नाही. पण घरकामगारांच्या निधीसाठी मिळकतकरासोबत घरटी एक छोटी रक्कम महापालिकेने जमा करावी आणि मंडळाकडे वळती करावी, हे अवघड नाही. पुण्यात मिळकतकराची बिलं ऑनलाइन येतात, लोक सुरुवातीलाच सवलत घेऊन भरून टाकतात. मोठ्या सदनिकांना जास्त, छोट्यांना कमी, झोपडीला काही नाही. बांधकाम मंडळाकडे पैसा असण्याचं कारण तो मागून घ्यावा लागत नाही, आपोआप जमा होतो. घरकामगार मंडळाला दर वर्षी अनुदानाची वाट पाहावी लागते.

एक गोष्ट सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना उद्देशून इथेच लिहिते, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात येईल. तुमच्या गेटवरच्या ॲपमध्ये आमच्या प्रत्येक बाईचा फोटो, फोन नंबर, ती किती वाजता आत आली आणि कोणकोणत्या फ्लॅटमध्ये गेली याची नोंद रोज होते. सुरक्षेसाठी तुम्हाला ही नोंद पाहिजे, ठीक आहे. ती तिच्या कामाचीही नोंद आहे. वर्षातून एकदा त्या नोंदीची छापील प्रत तिच्या हातात द्या, सोसायटीचा शिक्का मारून. कोण्या एकाला सही करायची भीती वाटत असेल तर सोसायटी म्हणून द्या. आणि बायकांसाठी संडास उघडा, त्यासाठी साथ संपण्याची वाट पाहायची गरज नव्हती आणि आजही नाही.

महोदय, पुन्हा तुमच्याकडे. पुण्यातल्या बायका हे आज मागायला लागलेल्या नाहीत. १९८० मध्ये इथल्या मोलकरणींनी काम बंद ठेवून संप केला होता, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, भरपगारी सुटी, दिवाळीला बोनस, आजारपणात काम न जाणं, हे तेव्हापासूनचं मागणं आहे. केरळ, राजस्थान, कर्नाटक, तमिळनाडू, झारखंड, बिहार या राज्यांनी घरकामगारांचं किमान वेतन ठरवून दाखवलं. आपण नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्या, पण औद्योगिक संबंध संहितेत ‘उद्योग’ या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. म्हणजे पगार बुडाला किंवा एका फोनवर कामावरून काढलं तर त्या संहितेचं दार या बायकांना बंद. घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगितलं. तो कायदा होईल तेव्हा होईल. घरकामगार मंडळ राज्याचं आहे, त्याला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

किमान वेतन आणि लेव्ही यांना वेळ लागेल, चर्चा लागेल, विरोधही होईल. ते काम सुरू करा, आम्ही बैठकांना येऊ, आमचे आकडे, आमची कॅलेंडरं घेऊन येऊ. त्याआधी तीन गोष्टी एका शासन निर्णयाने होण्यासारख्या आहेत. नोंदणी अर्जातलं मालकाचं प्रमाणपत्र काढून बाईचं स्वतःचं हमीपत्र घ्या. दर वर्षीचं नूतनीकरण रद्द करा, एकदा नोंदलेलं नाव ती साठ वर्षांची होईपर्यंत चालू राहू द्या, आणि साठीनंतरही ज्या काम करतात, आमच्याकडे अशा पुष्कळ आहेत, त्यांना वयावरून वगळू नका. आणि नोंदणी वस्तीत येऊन करा, रविवारी, दुपारी तीननंतर, कारण सकाळची कामं तेव्हा उरकलेली असतात.

चौथी गोष्ट मुद्दाम वेगळी लिहिते. साथ, पूर किंवा कुठल्याही कारणाने सरकारी आदेशाने जेव्हा लोकांना घरात थांबवलं जाईल, तेव्हा त्या आदेशातच लिहा की घरकाम करणाऱ्यांचा झालेल्या दिवसांचा पगार ताबडतोब आणि बंदच्या दिवसांसाठी ठरलेला हिस्सा मालकाने द्यायचा आहे, आणि ज्यांना मालकच उरला नाही त्यांना तो मंडळ देईल. २९ मार्च २०२० च्या आदेशात हे एक वाक्य असतं तर मावशींच्या मेच्या पानावर दोनाऐवजी पाच गोल असते.

जनता वसाहतीत पहिलं शिबिर घ्यायचं ठरलं तर जागा, टेबलं आणि अर्ज भरायला मुली मी उभ्या करते. तुमच्या कार्यालयाने फक्त तारीख कळवावी. साधारण आठवडाभर आधी कळली तर बायकांना कामाच्या घरी सांगून ठेवता येतं आणि खाडा धरला जात नाही.

आपली,
एका घरकामगाराची मुलगी
जनता वसाहत, पर्वती, पुणे